वाचकांचे प्रश्न: शाळा सुरू झाली, पण घडी बसेना

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झालेत आणि पत्रं भरपूर आलीत. पालकांची आहेत, मुलांची आहेत, शिक्षकांची आहेत, आणि या वेळी शाळेच्या ऑफिसातून पण एक आलंय. बहुतेकांचा सूर एकच आहे, की एव्हाना सगळं सुरळीत व्हायला हवं होतं आणि झालेलं नाही. मला असं वाटतं की माध्यमिक शाळेतला पहिला महिना हा रुळायचा महिना असतो, त्यात पोर्शन किती पुढे गेला यापेक्षा मूल वर्गात निवांत बसू शकतंय का हे जास्त महत्त्वाचं, आणि आपण मोठी माणसं नेमकं उलटं करतो. ते का, हे प्रत्येक पत्राच्या निमित्ताने बोलूच.

प्रश्न: ताई, माझी मुलगी सातवीपर्यंत छोट्या शाळेत होती, सगळे एकमेकांना ओळखायचे. आठवीपासून मोठ्या शाळेत घातलंय. रोज घरी आली की म्हणते माझं तिथे कोणीच नाही, सगळ्यांचे ग्रुप आधीच ठरलेत, मला जुन्या शाळेत परत घाला. मी रोज विचारते आज कोण बोललं का तुझ्याशी, तर चिडते नाहीतर रडते. शाळा बदलून चूक केली का हो आम्ही?

उत्तर: चूक केली की नाही हे इतक्यात ठरवूच नका, आणि तिच्यासमोर तर हा विषय अजिबात काढू नका, कारण आईबाबाच डळमळीत आहेत असं दिसलं की तिला तिथे पाय रोवावासाच वाटणार नाही.

तुमच्या मुलीला आत्ता दोन गोष्टी खऱ्या वाटतायत. एक, की हे फक्त माझ्याच बाबतीत होतंय. दोन, की हे असंच राहणार आहे. दोन्ही खऱ्या नाहीत, पण तुम्ही "होईल गं सगळं नीट" म्हणून तिला ते पटणार नाही कारण तुम्ही आई आहात, तुम्ही तसंच म्हणणार हे तिला माहितीये. हेच तिच्याहून एक-दोन वर्षं मोठ्या मुलीने सांगितलं तर पटतं. यावर एक छान अभ्यास झालाय, २०१९ साली प्रसिद्ध झाला, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात. तिथे सहावीला मुलं नव्या मोठ्या शाळेत जातात. वर्षाच्या सुरुवातीला त्या मुलांना आधीच्या बॅचच्या मुलांचे अनुभव वाचायला दिले, की आम्हालाही पहिल्यांदा भीती वाटायची, परीक्षेचं टेन्शन यायचं, आपण इथले नाही असं वाटायचं, मग हळूहळू ओळखी झाल्या, सरांना विचारायचं धाडस आलं. आणि मग मुलांना स्वतःबद्दल थोडं लिहायला सांगितलं. बस, एवढंच, तेही दोनदा. वर्षाच्या शेवटी त्या मुलांच्या गैरहजेऱ्या कमी, शिक्षेचे प्रसंग कमी, नापास होण्याइतके कमी मार्क पडायचं प्रमाणही कमी. एवढ्याशा गोष्टीने इतकं होऊ शकतं यावर विश्वास बसत नाही, पण मला त्यामागचं कारण पटतं: त्रास तोच राहतो, पण "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हा त्याचा अर्थ मुलांच्या डोक्यातून जातो.

तेव्हा त्याच शाळेतली एखादी नववी-दहावीची मुलगी शोधा, शेजारची, नात्यातली, कोणाच्या ओळखीची, आणि दोघींना तासभर बोलू द्या. तुम्ही मध्ये बसू नका.

आता मैत्रीचं. मैत्रीला वेळ लागतो हे आपण म्हणतो पण किती लागतो हे आपल्याला माहीत नसतं. जेफ्री हॉल नावाच्या संशोधकाने हे मोजायचा प्रयत्न केलाय, मोठ्या माणसांवर आणि कॉलेजच्या मुलांवर, तर नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि अगदी जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. आणि त्यात एक गोम आहे, नुसतं एका वर्गात किंवा एका ऑफिसात बसून घालवलेले तास तेवढे कामी येत नाहीत, रिकाम्या वेळेतले येतात, गप्पांचे, खेळण्याचे. शाळकरी मुलांचे आकडे हेच असतील असं नाही, पण अंदाज घ्या की काही दिवसांत तिला असे मोकळे तास मिळून मिळून किती मिळाले असतील. मधल्या सुट्टीतली पंधरा-वीस मिनिटं, तीसुद्धा भेदरलेली. म्हणून तिला शाळेतली एक कुठलीही गोष्ट जॉइन करायला सांगा जिथे हातांना काम असतं, खो-खो, लायब्ररीची मदत, नाटक, विज्ञान मंडळ, काहीही. काम करताना बोलणं आपोआप निघतं, "माझ्याशी मैत्री करशील का" असं कोणाला विचारावं लागत नाही.

आणि ते रोजचं "कोण बोललं का" बंद करा प्लीज. तिच्यासाठी ती रोजची परीक्षा झालीये आणि ती रोज नापास होतीये. त्याऐवजी आज कुठला तास बरा गेला, कुठले सर मजेशीर आहेत, असं काहीतरी विचारा, किंवा काहीच विचारू नका, नुसतं जवळ बसा. मात्र रोज सकाळी पोट दुखायला लागलं, झोप उडाली, वस्तू हरवायला किंवा फाटायला लागल्या, विशिष्ट मुलींची नावं काढली की गप्प होते, असं काही दिसलं तर तो एकटेपणा नाही, तो त्रास देण्याचा प्रकार असू शकतो, तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी क्लासटीचरना भेटा.

प्रश्न: मी नववीत गेलोय. सुट्टीत पुस्तक उघडलंच नाही आणि आता गणिताच्या तासाला काहीच आठवत नाहीये, आठवीत मला चांगले मार्क होते तरी. सर म्हणतात हे तुमचं झालेलं आहे आणि पुढे जातात. मी घरी येऊन मागच्या वर्षीची वही दोनदोनदा वाचतो, वाचताना सगळं समजतं, पण दुसऱ्या दिवशी परत ब्लँक. माझी मेमरी वीक झालीये का?

उत्तर: नाही रे बाबा, मेमरी एकदम शाबूत आहे. सुट्टीत विसरणं हे बऱ्याच मुलांचं होतं, आणि त्यात गणित वाचनापेक्षा जास्त विसरलं जातं, १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हेच दिसलं होतं. कारण साधं आहे, सुट्टीत आपण गोष्टी वाचतो, मेसेज टाइप करतो, म्हणजे भाषा चालू राहते, पण अवयव पाडायला सुट्टीत कोण जातं.

पण विसरणं म्हणजे पुसलं जाणं नाही. हर्मन एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस होता, त्याने स्वतःवरच प्रयोग केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती दिवसांनी किती विसरतो ते बघायचं, १८८५ मध्ये त्याने ते छापलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला भयंकर असतो आणि मग मंदावतो, हे सगळे सांगतात. पण त्याने मोजलं काय होतं माहितीये? विसरलेलं परत पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो ते. आणि कमीच लागत होता. म्हणजे पायवाटेवर गवत वाढलंय, वाट गेलेली नाही. तुला आठवीचं गणित शिकायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी कमी वेळात ते परत येईल.

आता तू जे करतोयस, वही दोनदोनदा वाचणं, तिथेच घोळ आहे. वाचताना समजतं कारण उत्तर समोरच असतं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांचा २००६ चा प्रयोग ऐक. मुलांना एक उतारा वाचायला दिला, मग काहींनी तो परत वाचला, आणि काहींनी वाचण्याऐवजी कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने विचारलं तर उलटं झालं, वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे वाचल्याने आत्ता बरं वाटतं, आणि आठवायचा प्रयत्न केल्याने नंतर आठवतं. तो प्रयत्न करताना डोकं तापतं, चुकतं, राग येतो, ते सगळं चालतं, तिथेच काम होत असतं.

तर असं कर. सगळं आठवीचं पुस्तक पहिल्या पानापासून काढू नको, तू तिसऱ्या दिवशी कंटाळशील. आत्ता वर्गात जो धडा चालू आहे त्याला मागचं काय लागतं तेवढंच बघ, बहुपदी चालू असेल तर बैजिक राशी आणि अवयव, बस. पाच गणितं घे, वही बंद, पेन हातात. जिथे अडशील तिथे मिनिटभर तरी अडून राहा, मग वही उघड, बघ, परत बंद, आणि तेच गणित पूर्ण सोडव. दोन दिवसांनी तीच प्रकारची, मग आठवड्याने. रोज वीस मिनिटं पुरतात, रविवारी तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि सरांना जाऊन सांग, "सर मला झालेलं आठवत नाहीये" असं मोघम नको, "सर मला इथपर्यंत जमतं आणि या स्टेपला अडतं" असं सांग, वही दाखव. अशा प्रश्नाला उत्तर न देणारे शिक्षक फार कमी असतात, आणि तुझ्याबरोबर अर्ध्या वर्गाचं भलं होईल कारण त्यांनाही आठवत नसणार, ते नुसते गप्प बसलेत.

प्रश्न: यंदाच शिक्षिका म्हणून लागलेय, सातवी आणि आठवीला इंग्रजी. स्टाफरूममध्ये सगळे सांगतायत पहिला महिना हसायचं नाही, एकदा डोक्यावर बसले की वर्षभर उतरत नाहीत. मी तसं करतेय पण मला ते जमतही नाही आणि आवडतही नाही. आठवीतला एक मुलगा रोज काहीतरी करतो, दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. काय करू?

उत्तर: हसा. मनापासून सांगते, हसा.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही, त्यांना भीती आहे ती गोंधळाची, आणि गोंधळ झालेल्या वर्गात कोणीच शिकत नाही, शांत मुलं तर मुळीच नाही. पण शिस्त येते ती चेहऱ्यावरून नाही, ठाम आणि सारखं वागण्यातून येते. नियम तीन-चारच ठेवा, प्रत्येकाचं कारण मुलांना सांगा, आणि मग ते सोमवारी जसे असतील तसेच शुक्रवारी, हुशार मुलाला जसे तसेच बाकीच्यांना. मुलं कडक शिक्षकाला माफ करतात, पक्षपाती शिक्षकाला नाही करत.

आणि एक अगदी साधी गोष्ट करून बघा, तास सुरू व्हायच्या आधी दारात उभ्या राहा आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारा, एखादा शब्द बोला. २०१८ मध्ये अमेरिकेत दहा वर्गांवर हे करून पाहिलं होतं, तुमच्याच वर्गांच्या वयाची मुलं. मुलांचं लक्ष अभ्यासात असण्याचा वेळ २० टक्क्यांच्या अंकांनी वाढला आणि गडबड करणं ९ अंकांनी कमी झालं. एक रुपयाचाही खर्च नाही, नवं काही ट्रेनिंग नाही. फक्त नावं पाठ पाहिजेत, तेव्हा या आठवड्यात सगळ्यात आधी तेच करा, बेंचनुसार नकाशा काढा आणि पाठ करा. बाराव्या-तेराव्या वर्षी मूल दिवसाला सहा-सात शिक्षकांसमोर बसतं, आणि कित्येकदा त्यातल्या एकालाही त्याचं नाव येत नसतं, हे मला फार वाईट वाटतं.

आता तो मुलगा. वर्गाबाहेर उभं केल्यावर त्याला काय मिळतं? इंग्रजीपासून सुटका, आणि सगळ्या कॉरिडॉरचं लक्ष. कॅलिफोर्नियात पाच शाळांमधल्या गणिताच्या शिक्षकांकडून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छोटासा ऑनलाइन सराव करून घेतला होता, विषय एवढाच, की मूल चुकीचं वागतं तेव्हा त्यामागे काय असू शकतं हे समजून घेऊन शिस्त लावणं म्हणजे काय. पुढे वर्षभरात त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांमधली शाळेतून निलंबित होणारी मुलं निम्म्यावर आली, ९.६ टक्क्यांवरून ४.८. आणि त्या मुलांचा शिकवणारा दुसराच कोणीतरी असतानाही, म्हणजे एका शिक्षकाच्या वागण्याचा परिणाम दुसऱ्यांच्या तासावर पण झाला.

तुम्ही त्याला तास संपल्यावर, चारचौघात नाही, एकट्याला थांबवा. "का करतोस असं" विचारू नका, त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. "माझ्या तासाला तुला नेमकं काय जड जातंय" असं विचारा. बऱ्याचदा अशा मुलाला वाचता येत नसतं, पुस्तकातली ओळ मोठ्याने वाचायची पाळी येऊ नये म्हणून तो पाळी यायच्या आधीच काहीतरी करून बाहेर पडतो. तुमच्या विषयात तर हे फारच होतं. तसं निघालं तर त्याला सगळ्यांसमोर वाचायला सांगणं काही दिवस बंद करा आणि एकीकडे सोप्या मजकुरापासून सुरुवात करा.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे. सुट्टीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायचा, आता शाळेसाठी सहाला उठवताना रोज युद्ध. आम्ही दहालाच लाइट बंद करतो तर म्हणतो झोपच येत नाही. शुद्ध आळस आहे, दुसरं काय.

उत्तर: आळस नाही हो. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा सुटायला लागतं, त्यामुळे दहाला त्याला खरंच झोप येत नसते. आणि गरज मात्र १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची असते, अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये ही शिफारस केलीये. म्हणूनच तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. सिएटल शहरात २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली तर मुलं जास्त वेळ जागत बसतील असं लोकांना वाटलं होतं, प्रत्यक्षात त्यांची झोप ३४ मिनिटांनी वाढली.

तुमच्या शाळेची वेळ तुमच्या हातात नाही, तरी पालकसभेत हा मुद्दा जरूर मांडा. घरी काय करता येईल तर दोनवरून एकदम दहावर आणू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. उठल्या उठल्या त्याला उजेडात न्या, गॅलरीत, बाहेर, सकाळचा उजेड ते घड्याळ मागे ओढतो आणि रात्रीचा उजेड पुढे ढकलतो. फोन झोपायच्या खोलीबाहेर, आणि हा नियम तुम्हालाही. रविवारी तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू देऊ नका, नाहीतर सोमवारी परत पहिल्यापासून. आणि "आळशी" हा शब्द तेवढा टाळा, दहावीच्या वर्षात त्याला असे बरेच शब्द ऐकायला मिळणारेत.

प्रश्न: पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज. होमवर्क काय, सर किती फास्ट शिकवतात, अमक्याच्या मुलाने तमक्याला ढकललं. बाहेर पडले तर काहीतरी महत्त्वाचं राहून जाईल अशी भीती वाटते.

उत्तर: ग्रुप म्यूट करा, दिवसातून एकदा बघा. होमवर्क ग्रुपवर विचारणं सोडा, ते मुलाला माहीत असायला हवं, आणि एखाद दिवशी विसरला, बोलणी खाल्ली, तर दुसऱ्या दिवसापासून लिहून आणेल. तुम्ही रोज विचारून दिलंत तर वहीत लिहायची गरजच त्याला वाटणार नाही. शिक्षकांबद्दल तक्रार असेल तर शिक्षकांशीच, आणि दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन ग्रुपवर काहीही नाही. ते मूल बारा-तेरा वर्षांचं आहे आणि चाळीस घरांत त्याच्यावर चर्चा चालू आहे, हे मला तरी सहन होत नाही.

प्रश्न: ताई, मी शाळेत शिपाई आहे, बरीच वर्षं झाली. पाचवीतून येणारी, नवीन येणारी सगळी पोरं बघतो. यंदा सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत रोज जिन्याखाली एकटा बसलेला असतो, घंटा झाली की सगळे वर गेल्यावर जातो. काल विचारलं तर म्हणाला काही नाही काका. मी काही शिक्षक नाही, सांगायला गेलो तर म्हणतील तुमचं काम करा. सांगू का?

उत्तर: काका, सांगा. आजच सांगा.

वर्गातलं शिक्षकांना दिसतं, घरातलं आईबापांना दिसतं, आणि जिन्याखालचं, टॉयलेटबाहेरचं, गेटवरचं तुम्हाला दिसतं. मुलांना त्रास होतो तो बऱ्याचदा अशाच जागांवर, जिथे मोठं माणूस नसतं. नॉर्वेत डॅन ओल्वेउस यांनी १९८३ पासून शाळांमधली दादागिरी थांबवायचं काम उभं केलं, त्यातही मधल्या सुट्टीत मोठ्यांचं लक्ष असणं आणि शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी यात असणं यावर भर होता. सगळ्या म्हणजे तुम्ही पण आलात. यात तुमचं काम सोडून काही नाही, हे तुमचं कामच आहे.

तुम्ही पाहिलंय तेही किती नीट. नुसता एकटा बसत नाही, तर सगळे वर गेल्यावर जातो. एकटं राहायला आवडणारी मुलंही असतात, ती लायब्ररीत बसतील, झाडाखाली बसतील, पण ती घंटेनंतर जिना रिकामा व्हायची वाट नाही बघत. तो कोणाला तरी टाळतोय असं मला वाटतं, चुकीचंही असेल, पण शोधायला हवं.

सांगताना त्याच्या क्लासटीचरनाच गाठा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको. जे दिसलं तेवढंच सांगा, कुठे बसतो, किती दिवस झाले, घंटेनंतर जातो, आणि आणखी कोणी तिथे येतं का. मुलाला सगळ्यांसमोर बोलावून विचारू नका एवढी विनंती त्यांना करा, नाहीतर तो उद्यापासून दुसरी जागा शोधेल जी तुम्हालाही सापडणार नाही. चार-पाच दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर मुख्याध्यापकांकडे जा, तेच शब्द तिथे सांगा.

आणि तो "काही नाही काका" म्हणाला म्हणून विचारणं सोडू नका. प्रश्न नको वाटत असेल त्याला, तर काहीतरी काम सांगा, खडूचा डबा वर नेऊन देशील का, नकाशे उतरवायला मदत करशील का. तुमच्याबरोबर वर गेला तर घंटेआधी जाईल आणि एकटा जाणार नाही.